वजनकाट्यावरची नायिका

लोकप्रिय कादंबरी केवळ मनोरंजन करते, ही समजूत फसवी आहे. ती वाचकाच्या हाती नकळत एक मापही देत असते. हेलन फील्डिंग यांची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' ही कादंबरी त्याचे बोलके उदाहरण होय. १९९५ मध्ये 'इंडिपेंडंट' या वृत्तपत्रातील सदरातून अवतरलेली ही नायिका १९९६ मध्ये पुस्तकरूपाने घरोघरी पोहोचली. लंडनमधील तिशी ओलांडलेल्या अविवाहित ब्रिजेटची ही रोजनिशी. नोंदीच्या आरंभीच ती आपले वजन लिहिते; पाठोपाठ मद्य, सिगारेटी आणि उष्मांक यांचा हिशेब येतो.

आपल्या वाचकांना ही मांडणी ओळखीची वाटेल. निजण्यापूर्वी आपण विवेकबुद्धीची जी झडती घेतो, तिचेच हे ऐहिक रूप आहे. मात्र येथे दोषांच्या यादीत पहिले स्थान देहाला आहे आणि क्षमेचे वचन उच्चारणारे कोणीच नाही.

लेखिकेला हे सारे मान्य आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्षारंभी सुमारे साडेअठ्ठावन्न किलो वजन असलेली ब्रिजेट १८ वर्षांच्या खटाटोपानंतर एकदाची ५४ किलोंवर येते. तेव्हा ती थकलेली दिसते, असेच मित्रमंडळींना वाटते. कादंबरीतील हा सर्वांत मर्मभेदक प्रसंग आहे. मार्क डार्सीचे प्रेमही तिच्या वजनावर अवलंबून नाही.

तरीही प्रश्न उरतोच. हा विनोद कळण्यासाठी वाचकाला तो आकडा आधी गंभीरपणे घ्यावा लागतो. पुस्तक मिटल्यावर उपरोध विरून जातो, आकडा मात्र स्मरणात राहतो. साठ किलो वजनाची निरोगी तरुणी हसता हसता स्वतःलाच स्थूल ठरवू लागते. २००१ च्या चित्रपटासाठी अभिनेत्री रेने झेल्वेगर हिने वजन वाढविले, तेव्हा तिच्या अभिनयाबरोबर तिच्या वजनाचीही चर्चा रंगली. आपल्याकडील विवाहविषयक जाहिरातींत 'सडपातळ' हा शब्द वाचणाऱ्यांनी त्या चर्चेला हसण्याचे कारण नाही.

उपवासकाळात आपणही अन्न वर्ज्य करतो. पण तो त्याग आपल्याला देवाकडे आणि भुकेल्या शेजाऱ्याकडे नेतो. ब्रिजेटचा उपवास आरशापाशीच थांबतो. संत पौलाने देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मंदिराची निगा राखावी. त्याचे रोज वजन करू नये.

आपल्या मुलींच्या हाती ही कादंबरी अवश्य द्यावी. वाचून झाल्यावर त्या कोठे हसल्या आणि कोठे गप्प झाल्या, हेही त्यांना मायेने विचारावे.