आवडते लेखक आणि थोर लेखक

आपले आवडते लेखक कोणते, असा प्रश्न एखाद्या ग्रंथालयाच्या वार्षिक समारंभात विचारला गेला, की उत्तर देणारा गृहस्थ क्षणभर थांबतो, आणि मग जी नावे सांगतो ती बहुधा त्याच्या आवडीची नसून आदराची असतात. मीही अनेक वर्षे हेच करीत आलो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे नाव मी दर वेळी अग्रभागी घेत असे. १८७४ साली निघालेल्या 'निबंधमाले'ने मराठी गद्याला जो डौल दिला तो कोण नाकारील? परंतु ज्या ग्रंथकाराचे पुस्तक विद्यार्थिदशेनंतर मी आपण होऊन एकदाही कपाटातून काढले नाही, त्यास आवडता म्हणणे ही शुद्ध लबाडी होय.

आवडीची माझी कसोटी अगदी घरगुती आहे. पुस्तक कोणी उसने नेले असता ते परत येईपर्यंत ज्याच्यासाठी जीव खालीवर होतो, तो आपला लेखक. या कसोटीस श्रीपाद कृष्ण कोल्हटकर एके काळी उतरत असत. 'सुदाम्याचे पोहे' १९१० साली प्रसिद्ध झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट मला वसतिगृहात इतके पाठ होते, की शेजारच्या खोलीतील मंडळी कंटाळत. आज तीच पाने उघडली, तर कोटी कशी जुळविली आहे याचे कौतुक वाटते, पण हसू येत नाही. ज्या रूढींवर तो मारा होता त्यांतील पुष्कळशा निघून गेल्या, आणि त्यांबरोबर विनोदाची धारही गेली. उलट चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ अजून घरात वावरतात; कारण तेथे हसावयाचे आहे ते रूढीस नव्हे, तर आपल्यासारख्याच एका भित्र्या, पापभीरू कारकुनास. कोल्हटकरांना गडकऱ्यांनी गुरू मानले, ही थोरवी कोणीही हिरावून घेणार नाही. मी फक्त पुस्तक परत मागत नाही, इतकेच.

हरि नारायण आपट्यांविषयी मात्र मला एक कबुलीजबाब द्यावयाचा आहे. तरुणपणी लिहिलेल्या एका लेखात मी 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीवर पाल्हाळाचा आरोप मोठ्या आवेशाने केला होता. १८९० पासून ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती; आठवड्याची जागा भरावयाची म्हणून मजकूर लांबला, असे माझे विधान होते. ते मला त्या वेळी फार मार्मिक वाटले.

पुढे माझ्या आईची दृष्टी गेली, आणि रोज संध्याकाळी तिला काही वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. तिने हीच कादंबरी मागितली. यमू सासरच्या बारीकसारीक गोष्टी सांगू लागली, की मी सवयीने परिच्छेद गाळीत असे. दुसऱ्याच दिवशी आईने मला पकडले. "मधले काहीतरी सोडलेस तू." मी म्हणालो, "अगं, फार बोलते ही." त्यावर ती म्हणाली, "बोलेल नाही तर काय? तिचे ऐकायला दुसरे होते तरी कोण!"

माझ्या साऱ्या लेखाला हे उत्तर होते. जिला घरात तोंड उघडण्याची मुभा नाही, तिच्या हाती लेखणी आल्यावर ती बेताने बोलेल कशी? ज्यास मी रचनेचा दोष म्हटले, तो त्या निवेदिकेचा स्वभाव होता. आणि एका पुरुषाने तो ओळखावा, यातच आपट्यांची कला आहे. (त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील पाल्हाळाला मात्र ही सबब लागू पडत नाही, तेथे माझे मत कायम आहे.)

त्यानंतर आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेतली. माझ्या मते मराठीत याहून जिवंत गद्य नाही. शालेय शिक्षण जवळजवळ नाही. १८९५ साली पतीने धर्मांतर केलेले, आणि त्यानंतरची काही वर्षे ताटातुटीत गेलेली. इतके भोगूनही ही बाई पतीवर फिर्याद लावीत नाही, की त्यांना देव्हाऱ्यातही बसवीत नाही. टिळकांचा विक्षिप्तपणा ती चार वाक्यांत उभा करते आणि पुढे निघते. आईला पुस्तक आवडले, पण यमूइतके नाही. "हिला हसता येते," ती म्हणाली, "यमूला ते परवडणारे नव्हते." येथे आमचे मत जुळले नाही. मला तर वाटते, ते हसू फार महाग पडलेले आहे, आणि म्हणूनच 'स्मृतिचित्रे' माझ्याकडून कोणास उसनी मिळत नाहीत.

आपट्यांची कादंबरी आम्ही शेवटास नेली नाही. यमूच्या केशवपनाचा प्रसंग जवळ आला तेव्हा आईने हात वर करून मला थांबविले. तिची एक आत्या जन्मभर लाल आलवणात वावरली होती. "पुढचे मला ठाऊक आहे," एवढेच ती बोलली, आणि देवापाशी दिवा लावावयास मला उठविले.

माझा तो जुना लेख एका संग्रहात छापलेला आहे. पुढील आवृत्तीत त्यातील पाल्हाळाचा परिच्छेद गाळावा, असे मी प्रकाशकांस कळविले. पहिल्याच आवृत्तीच्या बऱ्याच प्रती शिल्लक असल्याचे त्यांचे उत्तर आले.