भुतांच्या भाषेचं व्याकरण

'बाहुबली'तल्या कालकेयांची किलिकी आठवते? मदन कार्की या तमिळ गीतकारानं ती सिनेमासाठी घडवली, शब्द आणि व्याकरणासकट. त्याच्या कितीतरी आधी टॉल्किननं एल्फ लोकांसाठी क्वेन्या आणि सिंदारिन या बहिणी-बहिणी वाटाव्यात अशा भाषा रचल्या. काल्पनिक जगातल्या भाषांचा विषय निघाला की आपण अशी लांबची नावं घेतो. पण जालन्याहून अंबड-पाचोडमार्गे पैठणला गेलात, तर या प्रकारातली सगळ्यात विलक्षण गोष्ट ज्या प्रदेशाच्या नावावर आहे तिथंच पोचाल. भाषेचं नाव पैशाची, म्हणजे पिशाच्चांची. दंडी तिला भूतभाषा म्हणतो.

गोष्ट सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, अगदी सुरुवातीच्या कथापीठात येते. प्रतिष्ठान प्रदेशात जन्मलेला गुणाढ्य सातवाहन राजाचा मंत्री असतो. एकदा जलक्रीडेत राणी राजाला संस्कृतात म्हणते, पाणी उडवू नका. 'मा' आणि 'उदकैः' यांचा संधी होऊन झालेलं 'मोदकैः' राजा ऐकतो आणि मोदक मागवतो. राणी हसते. राजा खोलीत जाऊन पडतो, कुणाशी बोलत नाही. व्याकरण शिकायला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो, असं गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा म्हणतो, सहा महिने पुरेत. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा मी सोडीन, अशी पैज गुणाढ्य लावतो आणि हरतो.

तीन भाषा गेल्या, माणसांत बोलायला काही उरलंच नाही. तो विंध्याच्या रानात जातो, पिशाच्चांचं बोलणं ऐकून चौथी भाषा शिकतो. काणभूती नावाच्या पिशाच्चाकडून ऐकलेली कथा तो सात वर्षांत सात लाख श्लोकांत लिहितो, रानात शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं. ही 'बृहत्कथा'. राजाकडे पाठवल्यावर राजा ती झिडकारतो: भाषा पैशाची, अक्षरं रक्ताची, शी! मग गुणाढ्य एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं चरायची थांबून ऐकतात, त्यांचं मांस सुकतं, ते खाऊन राजा आजारी पडतो आणि शोध घेत तिथं पोचतो. तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात.

आता किलिकीकडे परत या. सिनेमात ती क्रूर टोळीला दिली आहे आणि कानाला मुद्दाम टोचेल अशी आहे. टॉल्किननंही मॉर्डोरच्या भाषेला खरखरीत ध्वनी दिले. आपले प्राकृत वैयाकरण याच वाटेनं गेल्यासारखे वाटतात. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या नियमांनुसार पैशाचीत 'द'चा 'त' होतो. तिची बहीण चूलिकापैशाची आणखी कडक: नगरचं नकर, मेघचं मेख, राजाचं राचा. पुढं मार्कंडेय तिच्या तीन बोलीही सांगतो: कैकेय, शौरसेन, पांचाल. पुस्तक हाती नाही, बोलणारा कुणी नाही आणि तरी बोलींची वर्गवारी चालू! आजचे फॅन एल्व्हिशचे तक्ते बनवतात, त्यातलाच हा छंद वाटतो मला, फक्त काही शतकं आधीचा. ही भाषा कुठली यावर आधुनिक अभ्यासकांचंही जमलं नाही. ग्रिअर्सननं ती वायव्येला नेली, स्टेन कोनोनं विंध्यात. काहींना ते पालीचंच जुनं नाव वाटतं.

पण गुणाढ्याच्या कथेत वेगळंच घडतं. दुष्टांना कडक भाषा द्यायची हा कल्पनारम्य साहित्याचा जुना रिवाज ती पाळत नाही. इथं ज्या भाषेची किळस येते तिच्यातच सगळ्यात मोठी कथा आहे आणि ती ऐकायला जनावरं थांबतात.

सोमदेवावर माझा राग आहे तो इथंच. कश्मीरच्या सूर्यमती राणीसाठी अकराव्या शतकात त्यानं ही कथा संस्कृतात आणली. मूळाला धरून आहे, फक्त भाषा वेगळी आणि विस्तार कमी, असं म्हणून मोकळा झाला. त्याच्याकडे काणभूतीसुद्धा अस्खलित संस्कृत बोलतो. टॉल्किन एल्व्हिश गाणं छापून वाचकाला खुशाल न समजू देतो. सोमदेव तेवढी मोकळीक देत नाही. आगीतून जे वाचलं म्हणतो, त्याचा आवाज तोच पुसून टाकतो.

आणखी एक गंमत. राजशेखर 'काव्यमीमांसे'त सांगतो की सातवाहन राजाच्या अंतःपुरात फक्त प्राकृतच बोलायचं, असा दंडक होता. प्रत्यक्षातल्या सातवाहनांचे नाणेघाटातले शिलालेखही प्राकृतातच आहेत. म्हणजे संस्कृत न आल्याची लाज सोमदेवानं, नाहीतर त्याच्या आधी कुणीतरी, या राजाला मागाहून चिकटवली. जालना जिल्ह्यातलं भोकरदन हे त्या काळातलं भोगवर्धन. १९७३च्या उत्खननात तिथं सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. इतक्या लांबचे धागे जुळणाऱ्या गावाच्या बाजारात कसली कसली बोलणी ऐकू येत असतील! त्यातलं कुठलं तरी कुणाला भुताचं वाटलं असेलच.

आजही वाटतं. जालन्याचं पोरगं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येतं, मेसमध्ये 'कामून' म्हणतं, 'मपलं ताट' म्हणतं, आणि टेबलावर राणीचं ते हसू ऐकू येतं. महिनाभरात ते 'का' आणि 'माझं' म्हणायला लागतं, शर्ववर्म्याच्या सहा महिन्यांपेक्षा लवकर. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण 'गाथासप्तशती'चं नाव अभिमानानं घेतलं. त्याच सातवाहनांच्या नावावरची ही दुसरी गोष्ट तेव्हा फारशी कुणाला आठवली नाही.

कथापीठाच्या शेवटी राजा उरलेले एक लाख श्लोक घेऊन नगरात परततो. गुणाढ्याच्या दोन शिष्यांकडून ते समजावून घेतो. मग या कथेचा जन्म कसा झाला हे सांगणारी प्रस्तावना स्वतः रचतो, आणि तीही पैशाचीत. मोदक मागवणाऱ्या राजाची ती प्रस्तावनाही आपल्याला संस्कृतातच वाचावी लागते.