करार आधी की शेड आधी?

'आंतरराष्ट्रीय विद्यापीठ सहकार्यातून तंत्रज्ञान-उद्योजकता' हे नाव ऐकलं की आष्टीच्या माणसाला वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. म्हणून उदाहरण जवळचं घेतो, पाबळचं. पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं, आपल्यासारखंच कमी पावसाचं गाव.

तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली डॉक्टरेट, हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधन, आणि हा माणूस शाळा सुटलेल्या पोरांना वेल्डिंग, वीजजोडणी, शेती शिकवायला खेड्यात आला. मुलं गावाची कामं करत आणि शिकत. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्यानं तिथे फॅब लॅब उभी राहिली. आराखडा संगणकावर काढायचा, यंत्रानं कापायचा, सर्किटही तिथेच बनवायचं. दुधाची प्रत कशी तपासावी, डिझेल इंजिन नीट कसं चालवावं, असे प्रश्न तिथे हाताळले गेले.

या प्रयोगाचं कौतुक करताना आपण यंत्रांचं कौतुक करतो. माझा आक्षेप तिथे आहे.

डॉ. आंबेडकरांचे कोलंबियातले शिक्षक जॉन ड्यूई. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं करणं म्हणजे अनुभव नव्हे. केल्याचा परिणाम सोसावा लागतो, तेव्हा अनुभव होतो. प्रयोगशाळेत 'करणं' शिकता येतं. वस्तू बनली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. पण पावसाळ्यात तीच वस्तू बंद पडली, गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं आणि वर त्याची उधारी बाकी, हे सोसणं कुठल्या अभ्यासक्रमात बसवणार? परदेशी विद्यापीठ यंत्र देईल, तास घेईल. गिऱ्हाईक देऊ शकत नाही. पाबळला लॅब येण्याआधी एकोणीस वर्षं गावाशी कामाचं नातं होतं, म्हणून ती रुजली.

मग परदेशाची गरजच काय, असं कुणी विचारेल. गरज आहे, बरं का! आपला वेल्डर वर्षानुवर्षं तेच गेट बनवतो, कारण आणखी काय बनू शकतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

आपल्या तालुक्यातून दरवर्षी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या पोरांना कराराच्या फोटोचा काय उपयोग? महाविद्यालयांनी करार जरूर करावेत. पण सहीआधी एक शेड उभारावी. गावातली मोडकी मोटर तिथे दुरुस्तीला यावी, पोरानं ती दुरुस्त करून स्वतः पावती फाडावी. तिथे जे सुटत नाही, तो प्रश्न घेऊन परदेशी विद्यापीठाकडे जावं. प्रश्न आपला असला की सहकार्य बरोबरीचं होतं. नाहीतर ते पाहुणचारातच संपतं.

आता तुम्ही विचारा.