मोडता न येणारे कायदे

राज्यकारभाराचा आभासी खेळ रचणारा माणूस कायदेमंडळाकडे वळला की आधी खुर्च्या मोजू लागतो. सदस्य किती, सभागृह एक की दोन, साधे बहुमत की दोन तृतीयांश, अध्यक्षाला निर्णायक मत द्यावे की नाही. हे प्रश्न खोटे नव्हेत. पण त्यांची उत्तरे राज्यशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकातून उचलता येतात. जिथे पुस्तक कामी येत नाही असा प्रश्न एकच आहे : संमत झालेला कायदा अमलात कोण आणणार, यंत्र की माणसे? माझ्या मते अशा खेळांतल्या कायदेमंडळांचा कस याच एका जागी लागतो. आणि गंमत अशी, की जी रचना वरवर सदोष दिसते तीच तिथे सरस ठरते.

‘नेशनस्टेट्स’ हा या जातीतला जुना आणि आजही चालू असलेला खेळ. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी २००२ मध्ये आपल्या ‘जेनिफर गव्हर्न्मेंट’ या येऊ घातलेल्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी तो सुरू केला. खेळाडूने एक राष्ट्र काढायचे, समोर येणाऱ्या पेचांवर दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडायचा. त्यानुसार त्या राष्ट्राची अर्थव्यवस्था, नागरी हक्क, राजकीय स्वातंत्र्य यांचे आकडे हलतात. या एकछत्री कारभाराला जोड म्हणून एक जागतिक सभागृह आहे. पूर्वी त्याचे नाव ‘संयुक्त राष्ट्रे’ होते. खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी हरकत घेतल्यावर २००८ मध्ये ते ‘वर्ल्ड असेंब्ली’ झाले.

या सभागृहात एका खेळाडूला एकच सदस्य राष्ट्र ठेवता येते. ठराव मांडायला इतर सदस्यांपैकी किमान दोघांचे अनुमोदन लागते. एकेका प्रदेशात ज्याला सर्वाधिक अनुमोदने तो तिथला प्रतिनिधी, आणि त्याच्या मताला तितके जास्त वजन. चार दिवस मतदान चालते. संमत ठरावात दुरुस्ती करता येत नाही. आवडत नसेल तर तो रद्द करायचा आणि नवा मांडायचा. ठराव संमत होताच सगळ्या सदस्य राष्ट्रांचे आकडे आपोआप बदलतात. पळवाट नाही, दिरंगाई नाही, अंमलबजावणीसाठी समिती नाही.

मात्र यंत्र ठरावाचा मजकूर वाचतच नाही. ठराव दाखल करताना त्याचा वर्ग आणि तीव्रता निवडावी लागते : मानवी हक्क, मुक्त व्यापार, पर्यावरण वगैरे, सौम्य की तीव्र. आकडे बदलतात ते या दोन नोंदींवरून. युद्धकैद्यांच्या वागणुकीवर कुणी बारा कलमे लिहिली काय किंवा तीन, त्याच वर्गात त्याच तीव्रतेने घातलेल्या दुसऱ्या ठरावाइतकाच परिणाम होणार. तरीही खेळाडू एकेका स्वल्पविरामावर भांडतात. आधीच्या ठरावाशी विसंगती आहे का, खेळाबाहेरच्या जगाचा उल्लेख आला का, हे तपासायला खेळाडूंचेच एक सचिवालय आहे. म्हणजे यंत्राला ज्याचे सोयरसुतक नाही त्या मजकुराला न्यायाधीश आहेत! या भांडणांतून विधी-मसुद्याची एक नेटकी शैली तयार झाली हे मान्य करायलाच हवे. पण ते साहित्य झाले, राजकारण नव्हे. ज्याला कायदा पटला नाही त्याच्या हाती दोनच गोष्टी उरतात : रद्द करण्यासाठी मते जमवणे किंवा सभागृहच सोडणे. नाराजीने पाळणे, पाळल्याचे सोंग करणे, उघड धुडकावणे हे सारे फार तर लिहून दाखवायचे; आकड्यांत ते उतरत नाही.

याचे दुसरे टोक पाहायचे तर ‘नोमिक’कडे जावे लागेल. तत्त्वज्ञानाचे अध्यापक पीटर सुबर यांचा हा खेळ डग्लस हॉफस्टाटर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरातून १९८२ मध्ये लोकांसमोर आला. यात नियम बदलणे हीच चाल. काही नियम अपरिवर्तनीय, काही परिवर्तनीय. पण एकमताने अपरिवर्तनीय नियमही खालच्या पायरीवर आणता येतो आणि मग बदलता येतो. जिंकायचे कसे हेसुद्धा बदलता येते. ‘अगोरा’ नावाचा असा एक डाव ईमेलवरून १९९३ पासून चालू आहे. इथे मजकूर हेच सर्वस्व, म्हणून अर्थ लावणारा शिरजोर. बुद्धीला खाद्य भरपूर. पण सगळेच आमदार आणि सगळेच वकील, प्रजा कुणीच नाही.

या दोन टोकांच्या मध्ये कुणीही न आखलेली एक गोष्ट ‘नेशनस्टेट्स’मध्येच घडली. नवी राष्ट्रे ज्या ‘पॅसिफिक’ नावाच्या प्रदेशांत जन्मतात ते कुणा खेळाडूने स्थापलेले नाहीत. तिथे अनुमोदनांच्या जोरावर जो प्रतिनिधी होतो त्याच्याकडे सदस्यांना हाकलण्याची आणि प्रवेशबंदी घालण्याची किल्ली येते. खेळाने दिलेले कायदेमंडळ तिथे नाहीच. खेळाडूंनी ते स्वतः उभारले : घटना, निवडणुका, न्यायालय. ‘नॉर्थ पॅसिफिक’ची प्रादेशिक सभा हे त्याचे ठळक उदाहरण. पण या सभेचा एकही कायदा यंत्राला ठाऊक नाही. निवडणुकीत हरलेला प्रतिनिधी ‘उतरत नाही’ म्हणाला तर यंत्र त्याच्याच बाजूचे. त्याला उतरवायचे तर शेकडो सदस्यांनी एकेक करून आपले अनुमोदन काढून नव्या माणसाला द्यायचे, आणि तो दरम्यान एकेकाला हाकलत असणार. अशी बंडे उत्तरेत झाली, दक्षिणेतही झाली.

यंत्राच्या दृष्टीने ही सभा म्हणजे केवळ गप्पांचा अड्डा. माझ्या दृष्टीने मात्र या खेळातले खरे कायदेमंडळ हेच. इथे मत दिल्याने काम संपत नाही. कायदा खरा ठरवण्यासाठी दर वेळी माणसाला उठून काहीतरी करावे लागते, आणि ते न करण्याची मोकळीक असते. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी बजावले होते, की घटनेच्या स्वरूपाला हात न लावता केवळ प्रशासनाचे स्वरूप बदलून ती विकृत करता येते. संवैधानिक नीती उपजत नसते, ती रुजवावी लागते. तोवर प्रशासनाचे तपशीलही घटनेतच लिहिलेले बरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. खेळ रचणाऱ्यापुढचा पेच अगदी याच जातीचा आहे. सारे तपशील यंत्रात कोंबले तर बंड अशक्य होते. पण मग नीती रुजायला जागाही उरत नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे. राज्याच्या उलथापालथीची किंमत ज्यांना मोजावी लागते ते शेवटी सुट्टीच्या दिवशी खेळायला आलेले लोक असतात. वर्षानुवर्षे जोपासलेल्या प्रदेशातून एका रात्रीत हाकलले गेल्यावर ‘यालाच राजकारण म्हणतात’ हे कुणाला गोड वाटेल? म्हणून मला २००६ मध्ये खेळात आणलेली ‘प्रभावा’ची तरतूद फार शहाणपणाची वाटते. तिने बंड बंद केले नाही. फक्त महाग केले. एका प्रदेशात राष्ट्र जितके टिकते आणि जितकी अनुमोदने मिळवते तितका त्याचा प्रभाव साठत जातो, आणि प्रतिनिधीला कुणाला हाकलायचे तर स्वतःचा साठा खर्चावा लागतो. समोरचा जितका मुरलेला तितका खर्च मोठा. त्यामुळे सत्ता बळकावणाऱ्याला आता बसून हिशेब करावा लागतो, की आधी कुणाला काढू आणि कुणाला राहू देऊ. आणि तो हिशेब चालू असतो तेवढ्या वेळात बाकीच्यांना आपापली अनुमोदने हलवता येतात.