पस्तीस दिवसांचा कारखाना

खालापूर तालुक्यात रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातले कारखाने आणि भोवतालच्या ठाकुरवाड्या यांच्यात अंतर फारसे नाही. म्हणून ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता कारखाना एकटीच चालवते’ असे कोणी म्हटले, की इथल्या शिक्षकांनी तरी ते तपासून पाहावे.

प्रयोग खरा आहे. 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जपानमध्ये जेएसआर कंपनीच्या कारखान्यात योकोगावा कंपनीच्या प्रणालीने सलग 35 दिवस स्वतः नियंत्रण केले. पण कशाचे? सबंध कारखान्याचे नव्हे, एका ऊर्ध्वपातन स्तंभाचे. द्रवाची पातळी सांभाळायची, मालाचा दर्जा राखायचा आणि वाया जाणारी उष्णताही वापरायची, ही कसरत पूर्वी अनुभवी कामगार हाताने व्हॉल्व्ह फिरवून करत. संगणक ती आधी आभासी कारखान्यात चुकतमाकत शिकला. ‘हे थंडीतले 35 दिवस’ असा आक्षेपही आता टिकत नाही. पुढे वर्षभर, ऋतू बदलूनही नियंत्रण स्थिर राहिले. हे श्रेय द्यायलाच हवे.

माझे आक्षेप वेगळे आहेत. पहिला, संगणकाला दिसते ते फक्त मापकांतून. 23 मार्च 2005 रोजी अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्तंभातला द्रव वर चढत होता आणि मापक तो उतरत असल्याचे दाखवत होता. स्फोटात 15 जण दगावले. खोट्या आकड्यावर हुशार यंत्रही चुकीचाच निर्णय घेईल.

दुसरा, रोजचे काम यंत्राकडे गेले की माणसाचा हात बसलेला राहत नाही. आणि आणीबाणीत बोलावतात ते त्यालाच. लिझान बेनब्रिज यांनी 1983 मध्येच हा विरोधाभास दाखवून दिला होता.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. भोपाळमध्ये 1984 साली विषारी द्रवाच्या टाकीची शीतकरण यंत्रणा आधीपासूनच बंद ठेवलेली होती. तो निर्णय व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा नव्हता, व्यवस्थापनाचा होता. यंत्राने काय साधायचे हेही व्यवस्थापनच ठरवणार. मग शेजारच्या वाडीची सुरक्षितता त्या उद्दिष्टांत असेल का?

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा: टाकीतला फ्लोट अडकला, तर टाकी भरल्याचे आपोआप चालणाऱ्या पंपाला कसे कळेल? मुले लगेच सांगतील, की पाणी वाहताना पाहणारे कोणीतरी हवे. ते ‘कोणीतरी’ कारखान्यात कोण असावे, ही चर्चा तिथूनच सुरू करता येईल.