मायावरण आणि पाहणारा डोळा

मायावरण म्हणजेच कॅमूफ्लाज, याचा इतिहास बहुधा निसर्ग, कला आणि युद्ध अशा क्रमाने सांगितला जातो: प्राणी रंगाने लपला, चित्रकाराने त्याचे रहस्य जाणले व सैनिकाने ते उचलले. या मांडणीला ॲबट थेयर या अमेरिकन चित्रकाराने मोठे बळ दिले. त्याचे सिद्धांत पुत्र जेराल्ड याने 1909 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हरणाची पाठ गडद व पोट फिकट असल्याने वरच्या उजेडाने पडणारी छाया पुसली जाते आणि देहाची गोलाई हरपते, हे थेयरचे निरीक्षण मोलाचे होय. परंतु एक तत्त्व हाती येताच त्याने ते सर्व प्राणिसृष्टीवर लादले. रोहित पक्ष्याचा गुलाबी रंगदेखील सूर्यास्ताच्या आकाशात लपण्यासाठी आहे, असे त्याने प्रतिपादिले. थिओडोर रूझवेल्टने 1911 मध्ये त्याचा सविस्तर प्रतिवाद केला.

थेयरचा हा दोष केवळ अतिशयोक्तीचा नव्हे, तो पद्धतीचा आहे. लपणाऱ्याचा रंग त्याने पाहिला. पाहणारा कोण, तो किती अंतरावरून आणि कशासाठी पाहतो, हे पुरेसे विचारले नाही. जालना जिल्ह्यातील दोन उदाहरणांवरून या प्रश्नाचे महत्त्व ध्यानी येते.

23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात वेलस्लीचे सैन्य शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेले, ते तांबडे डगले घालून. त्यात अज्ञान नव्हते. बंदुकीचा अचूक पल्ला तोकडा होता आणि दारूच्या धुरात आपला माणूस ओळखू येणे अधिक निकडीचे होते. पुढे लांब पल्ल्याच्या रायफली व बिनधुराची दारू आली, तेव्हा तोच रंग घातक ठरला. 1846 मध्ये पेशावरात उभारलेल्या गाइड्स दलाने स्वीकारलेली खाकी, म्हणजे मातीच्या रंगाची वस्त्रे, मग सर्वत्र रूढ झाली. फ्रेंच सैन्याने 1915 मध्ये चित्रकारांचे मायावरण पथक स्थापिले, ते तोफखान्याची टेहळणी विमानातून होऊ लागल्यावर. माती तीच राहिली. पाहणाऱ्याचे अंतर बदलले.

दुसरे उदाहरण बियाण्याचे. पिकासारखे दिसणारे तण निंदणीतून सुटते, हे वाव्हिलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दाखविले. मध्यप्रांतात जंगली भात ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचे भात लावण्यात आले; कालांतराने संकरातून तो रंग जंगली भातातही उतरला. हिरवे रोप उपटले गेले, जांभळे वाचले. येथे तणाला सोंग देणारा हात निंदणाऱ्याचाच होता.

जालना एमआयडीसीच्या परिसरात पोलादाइतकाच बियाण्यांचा व्यवसाय नावाजलेला आहे; महिको कंपनीची स्थापना 1964 मध्ये याच शहरात झाली. औषध लावलेल्या बियाण्यास रंग देतात, तो लपविण्यासाठी नव्हे, तर ते धान्य समजून कोणी खाऊ नये म्हणून. पैदासकार बियाण्याची खूणचिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी व प्रमाणित बियाण्याची निळी असते. हे रंग विश्वासाची खूण होत. बनावट बियाणे याच खुणांची नक्कल करते. विषारी फुलपाखराचे रूप घेणाऱ्या निरुपद्रवी फुलपाखराचे जे विवेचन बेट्सने 1862 मध्ये केले, त्याचे तत्त्व येथे लागू पडते: अस्सल विपुल असेपर्यंतच नक्कल फळते, नकला वाढल्या की मूळ खुणेवरचाच विश्वास ढळतो. फुलपाखराला गिळू पाहणाऱ्या पक्ष्याचे नुकसान एका घासाचे. शेतकऱ्याची फसवणूक मात्र उगवणीत, कित्येकदा फुलोऱ्यात उघड होते आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून येथे डोळा पुरत नाही. उगवण-चाचणी व शेतात झाडे वाढवून करावयाची शुद्धतेची परीक्षा यांचाच आधार घ्यावा लागतो.

तात्पर्य, मायावरणाचा इतिहास हा लपणाऱ्याच्या कौशल्याचा इतिहास म्हणून लिहिला, तर तो अर्धाच राहतो. तो पाहणाऱ्याच्या गरजांचा, साधनांचा आणि उणिवांचा इतिहास आहे. थेयरच्या ग्रंथातील चित्रकाराची दृष्टी आजही शिकविण्याजोगी आहे. परंतु तिच्याबरोबर निंदणाऱ्याची आणि बियाणे पारखणाऱ्याची दृष्टीही अभ्यासात आली पाहिजे.