युद्धाधिकार ठराव, १९७३ : कायद्याच्या शब्दरचनेची चिकित्सा

प्रास्ताविक : अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आणि सेनादलांचे सरसेनापतिपद राष्ट्राध्यक्षाकडे सोपविले. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत मसुद्यातील 'युद्ध करणे' हे शब्द बदलून 'युद्ध पुकारणे' असे शब्द मॅडिसन व गेरी यांच्या सूचनेवरून घालण्यात आले. अचानक आलेला हल्ला परतविण्यास राष्ट्राध्यक्ष मोकळा असावा, एवढाच या बदलाचा हेतू होता. ही फट पुढे किती रुंदावली हे १९५० च्या कोरियन युद्धाने आणि त्यानंतर व्हिएतनामने दाखवून दिले. काँग्रेसने औपचारिकरीत्या युद्ध पुकारल्याचा शेवटचा प्रसंग १९४२ चा आहे. व्हिएतनामच्या अनुभवातून युद्धाधिकार ठराव जन्मास आला. तो नावाने ठराव असला तरी स्वरूपाने कायदाच होय. निक्सन यांनी वापरलेला नकाराधिकार निष्प्रभ करून ७ नोव्हेंबर १९७३ रोजी तो संमत झाला. त्या वेळी प्रतिनिधिगृहात २८४ विरुद्ध १३५ आणि सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८ मते पडली.

या ठरावाच्या अपयशाचे खापर सामान्यतः राष्ट्राध्यक्षांच्या मनमानीवर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेला दोष ठरावाच्या रचनेतच आहे.

कलमांची रचना : राष्ट्राध्यक्षाने सैन्य कोणत्या परिस्थितीत लढाईत उतरवावे, याच्या तीन अटी ठरावात आहेत : युद्धाची घोषणा, कायद्याने दिलेली विशिष्ट मान्यता किंवा देशावर अथवा सेनादलांवर झालेला हल्ला. परंतु या अटी 'उद्देश व धोरण' या भागात ठेवल्या आहेत. प्रत्यक्ष कार्यवाहीची कलमे निराळेच सांगतात. सैन्य उतरविल्यापासून ४८ तासांत अहवाल द्यावा आणि काँग्रेसची मान्यता न मिळाल्यास ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, सैन्याचा वापर थांबवावा. म्हणजे जे तत्त्वतः निषिद्ध, ते व्यवहारात दोन-तीन महिन्यांपुरते मोकळे झाले. या कायद्यासाठी सिनेटमध्ये प्रथमपासून झटलेले मिसुरीचे सिनेटर टॉमस ईगल्टन यांनी नेमक्या याच कारणास्तव अंतिम मसुद्याविरुद्ध मत दिले. पूर्वसंमतीचा आग्रह अव्यवहार्य नव्हता, हे जर्मनीच्या २००५ च्या कायद्यावरून दिसते. तेथे सशस्त्र सैन्य परदेशी पाठविण्यास संसदेची संमती आधी घ्यावी लागते.

शिवाय ६० दिवसांची मुदत फक्त 'हॉस्टिलिटीज', म्हणजे लढाईची कृत्ये, या सदराखालील अहवालाने सुरू होते. तसा अहवाल देणे आवश्यक ठरले असेल त्या क्षणापासूनही मुदत मोजावी, असे ठराव म्हणतो खरा. पण ते आवश्यक होते की नाही हे कोणी ठरवायचे, याबाबत तो मौन बाळगतो. त्या सदराचा स्पष्ट उल्लेख एकट्या फोर्ड यांच्या १९७५ च्या मायाग्वेझ प्रकरणातील अहवालात आढळतो आणि तो पोहोचेपर्यंत कारवाई आटोपली होती. इतरत्र अहवाल 'ठरावान्वये' न देता 'ठरावाशी सुसंगत' म्हणून दिले गेले. एका शब्दयोजनेने कायद्याचे घड्याळ बंद ठेवता येते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते.

काँग्रेसची जबाबदारी : कोसोवोचे प्रकरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. २८ एप्रिल १९९९ रोजी, बॉम्बफेक सुरू होऊन महिना उलटल्यावर, प्रतिनिधिगृहाने युद्ध पुकारण्याचा प्रस्ताव ४२७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. सैन्य मागे घेण्याचा प्रस्तावही २९० विरुद्ध १३९ मतांनी फेटाळला. हवाई कारवाईस मान्यता देण्याच्या प्रस्तावावर २१३ विरुद्ध २१३ अशी समसमान मते पडल्याने तोही बारगळला. पुढच्याच महिन्यात याच काँग्रेसने त्या कारवाईसाठी पैसा मंजूर केला. केवळ निधी दिला म्हणजे मान्यता दिली असा अर्थ काढू नये, असे ठरावात स्पष्ट असतानाही क्लिंटन प्रशासनाने निधीलाच मान्यता मानले. बॉम्बफेक ७८ दिवस चालली. काही सदस्य न्यायालयात गेले; त्यांना दावा करण्याचा अधिकारच नाही, असे ठरले. युद्ध करा असेही म्हणायचे नाही आणि थांबवा असेही म्हणायचे नाही, हे सभागृहाचे धोरणच होऊन बसले. जॉन हार्ट ईली यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात काँग्रेसवर ठेवलेला जबाबदारी टाळल्याचा ठपका येथे शब्दशः लागू पडतो.

२०११ मध्ये लिबियावरील हल्ल्यांना ६० दिवस उलटल्यावर ओबामा प्रशासनाने 'हॉस्टिलिटीज'चाच अर्थ आकसून घेतला. मोहीम मर्यादित आहे, अमेरिकी सैनिकांना फारसा धोका नाही, सबब ही लढाईची कृत्ये नव्हेत, असा युक्तिवाद परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार हॅरल्ड को यांनी सिनेटच्या समितीपुढे केला. या अर्थाने युद्धाचे मोजमाप बॉम्ब टाकणाऱ्याच्या सुरक्षिततेवरून होते. ज्यांच्यावर बॉम्ब पडतात ते हिशेबातच येत नाहीत. वैमानिकरहित विमानांच्या काळात ही व्याख्या मान्य केल्यास हा कायदा कोणत्या युद्धाला लागू होईल, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक आधार १९८३ मध्ये निखळला. मूळ ठरावानुसार दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने, राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना, सैन्य परत बोलावता येत होते. चढ्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकारचा विधिमंडळीय नकाराधिकार घटनाबाह्य ठरविला. तेव्हापासून युद्ध थांबविणारा ठरावही राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी पाठवावा लागतो. परिणामी मूळ घटनात्मक क्रम उलटला. पूर्वी युद्धासाठी काँग्रेसचे बहुमत लागे, आता ते थांबविण्यासाठी दोन तृतीयांश बहुमत लागते. येमेनमधील सहभाग संपविणारा ठराव २०१९ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केला. ट्रम्प यांनी तो नाकारला. २ मे रोजी सिनेटमध्ये नकाराधिकाराविरुद्ध ५३ आणि बाजूने ४५ मते पडली, तरीही नकाराधिकारच टिकला. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले झाल्यानंतर मतास आलेल्या ठरावाला तर सिनेटमध्ये साधे बहुमतही मिळाले नाही. ४७ विरुद्ध ५३ मतांनी तो तेथेच अडला.